थंड डोक्याचा इंजिनिअर : विल्हेल्म मायबाख

मायबाख हे नाव घेतलं की आपल्या होस्टेलमधल्या कुणाच्याही डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. लांबलचक काळी गाडी, मागच्या सीटवर रेलून बसलेला कुणी उद्योगपती, आणि किंमत अशी की शून्यं मोजताना बोट अडखळावं. आपल्यातले बरेचजण मेबॅक म्हणतात. खरा उच्चार मायबाख. पण हे आडनाव ज्या माणसाचं, तो अनाथाश्रमात वाढला आणि विद्यार्थी म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी कधीच चढला नाही. मित्रांनो, आज रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पेट्रोल-डिझेल गाडीच्या पुढच्या जाळीमागे जो रेडिएटर आहे, त्याचा पूर्वज या माणसाच्या ड्रॉइंग बोर्डवर जन्माला आला. गाडी गरम होते म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न त्याने जितक्या शांतपणे सोडवला तितका त्याच्या काळात क्वचितच कुणी सोडवला असेल. म्हणून हा लेख गाडीवर नाही, माणसावर.

विल्हेल्मचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी झाला. वडील सुतारकाम करणारे. विल्हेल्म आठ वर्षांचा असताना आई गेली, दहा वर्षांचा असताना वडील. पाच भाऊ, घरात कुणी मोठं नाही. रॉयटलिंगेन या गावात गुस्टाव वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने ब्रुडरहाउस नावाचा आश्रम चालवला होता, तिथे विल्हेल्मला ठेवण्यात आलं. आश्रम म्हणजे नुसती प्रार्थना आणि दोन वेळचं जेवण नव्हे. तिथे शाळा होती, कागदाचा कारखाना होता, यंत्रं बनवणारा कारखाना होता. मुलाने हाताला काम शिकून बाहेर पडावं, हा वेर्नर यांचा आग्रह. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना ते वातावरण लगेच कळेल... घंटा, रांग, शिस्त, आणि त्या सगळ्यातून एखाद्या पोराचं वेगळेपण बरोबर हेरणारं कुणीतरी. वेर्नर यांनी विल्हेल्मचा हात चित्राकडे, म्हणजे यंत्राच्या चित्राकडे, वळतोय हे ओळखलं आणि त्याला ड्राफ्ट्समन व्हायला पाठवलं. दिवसा कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसात काम, संध्याकाळी फिजिक्स आणि गणिताचे वर्ग. ज्यांना इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट्स पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात त्यांनी नोंद घ्यावी, या माणसाची सगळी डिग्री म्हणजे ती ड्रॉइंगच होती!

१८६३ मध्ये त्या कारखान्याचा मॅनेजर म्हणून गॉटलिब डाइमलर आला. विल्हेल्मपेक्षा साधारण बारा वर्षांनी मोठा, पॉलिटेक्निक शिकलेला, महत्त्वाकांक्षी. दोघांची जोडी जमली ती डाइमलरच्या मृत्यूपर्यंत. डाइमलर कार्ल्सरुहला गेला, मायबाख मागोमाग गेला. १८७२ मध्ये डाइमलर कोलोनजवळच्या डॉइट्झ कंपनीत गेला, मायबाख तिथेही पोचला आणि डिझाइनचा प्रमुख झाला. ही तीच कंपनी जिथे निकोलाउस ओटोचं फोर-स्ट्रोक इंजिन १८७६ मध्ये तयार झालं. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात आपण ज्याची पी-व्ही डायग्राम काढतो ते हेच. ते इंजिन कारखान्यात नगाने बनवता येईल असं करण्यात मायबाखचा मोठा हात होता.

ओटोचं इंजिन कपाटाएवढं, एका जागी बसणारं, आणि मिनिटाला दोनशेच्या आतच फेरे घेणारं. डाइमलर आणि मायबाखला हवं होतं ते हलकं, पळणाऱ्या गाडीत बसेल असं. १८८२ मध्ये डाइमलर डॉइट्झमधून बाहेर पडला आणि स्टुटगार्टजवळच्या कान्स्टाटमध्ये त्याने बागेतल्या काचघरात वर्कशॉप थाटलं. पगारावर सोबत मायबाख. दोघे दिवसरात्र दार लावून आत काय करतात हे कुणाला कळेना. माळ्याला संशय आला की आत खोट्या नोटा-नाणी पाडतात, त्याने पोलिसांना कळवलं, पोलिसांनी झडती घेतली. सापडली ती इंजिनं.

त्या काचघरात जे जन्मलं ते मिनिटाला सहाशे-सातशे फेरे घेणारं इंजिन. आणि इथूनच मायबाखच्या आयुष्यभराची डोकेदुखी सुरू झाली. इंजिन लहान केलं आणि वेग वाढवला की ताकद वाढते, हे खरं. पण दर मिनिटाला होणारे स्फोटही वाढतात, आणि ती सगळी उष्णता आता मूठभर धातूत कोंडली जाते. सिलिंडरमधली ज्वाळा दोन हजार डिग्री सेल्सिअसच्या वर जाते. अॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं. म्हणजे उष्णता बाहेर नेणारं कुणी नसेल तर आधी तेल जळेल, मग पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकेल, आणि इंजिन सीझ. ढोबळ हिशोब आपल्या पुस्तकात असतोच. इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा कामी येते, तेवढीच धुराबरोबर जाते, आणि उरलेली कूलिंगला बाहेर काढावी लागते.

१८८५ मध्ये त्यांनी हे इंजिन लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसवलं. ताकद अर्धा हॉर्सपॉवर. डाइमलरचा मुलगा ती चालवत शेजारच्या गावापर्यंत गेला. इग्निशनची नळी तापलेली ठेवायला बर्नर असायचा आणि तो सीटच्या खालीच. व्हायचं तेच झालं, सीटने पेट घेतला. जगातली पहिली मोटरसायकल म्हणून जिचं नाव घेतात तिची पहिली तक्रारसुद्धा गरम होण्याचीच होती म्हणायची!

अर्ध्या हॉर्सपॉवरचं निभावून जातं. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीतही उपाय साधा होता. सिलिंडरभोवती पाणी, ते उकळतं, वाफ होऊन उडून जातं, वरून पुन्हा पाणी ओता. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली तेव्हा वाटेत पाणी भरत भरतच गेली. मायबाखने १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी जी तारांच्या चाकांची गाडी डिझाइन केली तिच्यात त्याने वेगळीच युक्ती केली. गाडीची फ्रेम पोलादी नळ्यांची होती, तर कूलिंगचं पाणी त्या नळ्यांतूनच फिरवलं. सांगाडाही तोच आणि रेडिएटरही तोच. मला स्वतःला ही त्याची सगळ्यात देखणी आयडिया वाटते, जरी पुढे ती कुणी फार वापरली नाही.

मधली काही वर्षं भांडणाची. १८९० मध्ये भांडवलदारांना घेऊन डाइमलर कंपनी उभी राहिली. पैसा त्यांचा, म्हणून हुकूमही त्यांचा. मायबाखला ज्या अटींवर नोकरी देऊ केली त्या त्याला पटल्या नाहीत आणि १८९१ मध्ये तो बाहेर पडला. डाइमलरने गुपचूप पैसे पुरवले आणि मायबाखने कान्स्टाटमधल्या हेर्मान नावाच्या बंद पडलेल्या हॉटेलात काम चालू ठेवलं. तिथे १८९३ मध्ये त्याने पेट्रोलचा बारीक फवारा मारणारा कार्ब्युरेटर बनवला. २०२० मध्ये बीएस-६ नियम येईपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक बाइक्स त्याच तत्त्वावर चालत होत्या. कंपनीचं मात्र या दोघांशिवाय पान हलेना. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या फ्रेडरिक सिम्सने डाइमलर परत आला तरच पैसे, अशी अट घातली आणि दोघेही परत आले. मायबाख टेक्निकल डायरेक्टर झाला.

आता इंजिनं सहा, दहा, वीस हॉर्सपॉवरची होत होती आणि उकळून वाफ करण्याचा उपाय पार कोलमडला होता. किती कोलमडला, ते आपणच काढून बघू. पस्तीस हॉर्सपॉवर म्हणजे साधारण २६ किलोवॅट. पाण्यात कमीत कमी तेवढीच उष्णता जाते असं धरू. आपल्या बाथरूममधला गीझर दोन किलोवॅटचा, म्हणजे तेरा गीझर एकदम चालू! एवढ्या उष्णतेने तासाला चाळीस लिटरच्या वर पाणी वाफ होऊन जाईल. पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे जार, दर तासाला. बरं, पाणी वाया न घालवता फिरवत ठेवायचं म्हटलं, आणि ते थंड करायची सोय नसली, तर अठरा लिटर पाणी वीस डिग्रीवरून उकळायला चार मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पाणी दुप्पट करा, आणखी चार मिनिटं मिळतील. बस्स.

त्या काळचे लोक नेमकं तेच करत होते. गाडी गरम होतेय? टाकी मोठी करा. टाकी मोठी केली की गाडी जड, गाडी जड की इंजिनावर लोड जास्त, लोड जास्त की उष्णता जास्त. मायबाखने दुखणं वेगळ्या जागी शोधलं. पाणी उष्णता संपवत नाही, फक्त वाहून नेतं. हमालाने ओझं शेवटी कुठेतरी उतरवायलाच हवं, आणि ते उतरतं हवेत. हवेची गंमत अशी की ती उष्णता घेण्याच्या बाबतीत भारी कंजूष. हीट ट्रान्सफरच्या प्रॅक्टिकलला आपण बघतोच, पाण्याच्या बाजूचा कोइफिशंट कुठे आणि हवेच्या बाजूचा कुठे. म्हणजे अडचण पाण्याच्या लिटरमध्ये नसून हवेला लागणाऱ्या पृष्ठभागात आहे.

१८९७ मध्ये त्याने पहिला प्रयत्न केला. पाण्याच्या गोल डब्यातून आरपार पुष्कळ नळ्या, नळ्यांतून हवा, आणि ती खेचायला पंखा. जमलं, पण पुरेसं नाही. मग १९०० मध्ये त्याने नळ्या चौकोनी केल्या आणि इतक्या बारीक, की प्रत्येकीचं तोंड सहा मिलिमीटर गुणिले सहा मिलिमीटर. अशा ८,०७० नळ्या एकमेकींशेजारी रचून, झाळून, त्यांची एक चौकट केली. नळ्यांतून हवा जाते आणि नळ्यांच्या मधल्या बारीक फटींतून पाणी. समोरून मधमाशीच्या पोळ्यासारखं दिसतं म्हणून नाव पडलं हनीकोम रेडिएटर. २० सप्टेंबर १९०० रोजी त्याची नोंदणी झाली. गोल नळ्या एकमेकींना चिकटवल्या तर मध्ये वेड्यावाकड्या जागा उरतात, चौकोनी नळ्यांमध्ये फट सगळीकडे सारखी. किती साधं! पुन्हा हिशोब करा. एका नळीचा घेर २४ मिलिमीटर, गुणिले ८,०७०. रेडिएटरच्या खोलीच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे जवळजवळ दोन चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. आणि सगळ्या भोकांची तोंडं मिळून क्षेत्रफळ होतं एक चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. एवढ्याशा खिडकीत एवढा मोठा पृष्ठभाग! परिणाम असा, की आधी अठरा लिटर पाणी लागायचं तिथे नऊ लिटरवर भागू लागलं. गाडी हळू असताना समोरून वारा येत नाही, म्हणून मागे छोटा पंखाही ठेवला.

आजही गाडी गरम झाली की चांगला मेकॅनिक हीच साखळी डोक्यात धरतो : धातूकडून पाण्याला, पाण्याकडून जाळीला, जाळीकडून हवेला. कडी कुठे तुटली ते शोधायचं. ट्रॅफिकमध्ये काटा वर चढतो पण हायवेला खाली येतो, तर पंखा किंवा त्याचा स्विच बघा, कारण वेगात वारा फुकट मिळतो. उलट हायवेला लोडवर तापते, तर जाळी बाहेरून चिखल-किड्यांनी किंवा आतून क्षाराने बुजली असेल, नाहीतर वॉटर पंप पाणी पुरेसं फिरवत नसेल. चालू केल्यावर थोड्याच वेळात तापली आणि रेडिएटरचा खालचा होज मात्र गारच, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याचा संशय घ्यायचा. गळती कुठे दिसत नाही तरी कूलंट कमी होतं, टाकीत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो किंवा तेल दुधाळ झालंय... मग हेड गॅस्केट गेलं समजा आणि घरी फोन करून पैसे मागवा. खंबाटकीत किंवा कशेडीत काटा लाल रेघेकडे निघालाच तर एसी बंद करून हीटर फुल करायचा. घाम फुटेल, पण हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच असतो. तरीही काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण कुणीही, कधीही उघडू नये. आत दाब असल्याने पाणी शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलं की ते एका क्षणात उकळतं आणि सरळ तोंडावर येतं.

असो, माणसाकडे परत येऊ. हा रेडिएटर ज्या गाडीसाठी बनला तिची गोष्ट दुःखाने सुरू होते. ६ मार्च १९०० रोजी डाइमलर वारला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला फ्रान्समध्ये नीस ते ला तुर्बी या घाटाच्या शर्यतीत कंपनीचा फोरमन विल्हेल्म बाउअर चालवत असलेली गाडी खडकावर आदळली आणि तो दगावला. गाडी उंच होती, आखूड होती, आणि पुढे जड इंजिन. कंपनी शर्यती सोडायच्या विचारात होती. पण एमिल येलिनेक नावाचा, नीसमध्ये राहणारा श्रीमंत गिऱ्हाईक म्हणाला की दोष शर्यतीचा नाही, गाडीचा आहे. लांब, बुटकी, हलकी आणि जास्त ताकदीची गाडी बनवा, मी एकदम ३६ घेतो. नाव मात्र माझ्या मुलीचं द्यायचं. मुलीचं नाव मर्सिडीज.

पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तीस-पस्तीस वर्षांचा सोबती नुकताच गेलेला, आणि हातात जेमतेम काही महिने. मायबाखने कोऱ्या कागदापासून सुरुवात केली. ३५ हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं इंजिन, वजन २३० किलो. दाबलेल्या पोलादाची बुटकी फ्रेम. आणि समोर ती ८,०७० भोकांची जाळी. पाणी निम्मं झालं नसतं, तर बोनेट इतकं खाली आणि गाडी इतकी हलकी झालीच नसती. पहिली गाडी २२ डिसेंबर १९०० रोजी येलिनेकला मिळाली. मार्च १९०१ मध्ये नीसच्या स्पर्धांत तिने ३९२ किलोमीटरची शर्यत ताशी ५८ किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. आणि जिथे बाउअर गेला त्याच ला तुर्बीच्या चढावर आधीचा विक्रम ताशी ३१.३ किलोमीटरचा होता, तो ५१.४ वर नेऊन ठेवला. फ्रेंचांनी मायबाखला डिझायनरांचा राजा म्हणायला सुरुवात केली.

कंपनीत मात्र राजाचं राज्य फार दिवस टिकलं नाही. डाइमलर नव्हता, आणि मायबाख स्वतःसाठी भांडणाऱ्यातला नव्हता. काचघरातल्या दिवसांतले कितीतरी पेटंट डाइमलरच्या एकट्याच्या नावावर होते, ड्रॉइंग मायबाखचं असूनही. आता नव्या व्यवस्थापनाने डिझाइनचं काम हळूहळू दुसऱ्यांकडे दिलं आणि त्याला नवीन कल्पनांसाठी म्हणून एका वेगळ्या खोलीत बसवलं. कागदावर मान, प्रत्यक्षात अडगळ. १९०७ मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला, एकसष्ट वर्षांचा असताना. ज्या गाडीमुळे कंपनी जगात नावारूपाला आली तिच्यावर त्याचं नाव कुठेच नव्हतं.

त्या वयात माणसं पेन्शनचा हिशोब करतात. याच्या डोळ्यांसमोर आलं ते झेपेलिन. ५ ऑगस्ट १९०८ रोजी काउंट झेपेलिनचं हवाईजहाज इंजिनच्या बिघाडामुळे एष्टरडिंगेनला उतरवावं लागलं. दुरुस्ती चालू असताना वादळ आलं आणि जहाज सुटून जळून खाक झालं. मायबाखने झेपेलिनला कळवलं की हवाईजहाजासाठी भरवशाचं इंजिन आपण देऊ शकतो, आणि काम करेल मुलगा कार्ल. १९०९ मध्ये कंपनी निघाली, पुढे ती फ्रीडरिक्सहाफेनला गेली. पुढे झेपेलिन उडाली ती मायबाख इंजिनांवर. १९२१ मध्ये याच कंपनीने मोटरगाड्या बनवायला घेतल्या, त्या कार्लच्या. आज रस्त्यावर जे नाव आपण मान वळवून वाचतो ते तिथून आलेलं. दुसऱ्या महायुद्धात त्या गाड्या बंद झाल्या, २००२ मध्ये ते नाव पुन्हा गाडीवर आलं, आणि आता ते मर्सिडीजच्या जोडीने लागतं. १९०७ मध्ये ज्या कंपनीने त्याला जाऊ दिलं, तिच्याच गाडीवर!

आपल्याकडे या घराण्याचा धागा टेल्कोपर्यंत येतो. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला आणि १९६९ पर्यंत टाटा-मर्सिडीज ट्रक आपल्या घाटांतून चढत-उतरत होते. आता चाकणला २००९ पासून मर्सिडीजचा कारखाना आहे. इंडस्ट्रियल व्हिजिटला तिकडे गेलात तर सगळे स्टिअरिंग आणि सीटकडे धावतील. तुम्ही जाळीच्या मागे वाकून बघा.

१९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने विल्हेल्म मायबाखला मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. २९ डिसेंबर १९२९ रोजी स्टुटगार्टमध्ये त्याचं निधन झालं. काचघर होतं त्याच कान्स्टाटच्या दफनभूमीत त्याला पुरलं आहे. गॉटलिब डाइमलरची कबरही तिथेच आहे.